फुकटे कोण? दादरचा समुद्र आणि पॅकेजचा समुद्र

मूर्तिजापुरातल्या आमच्या वस्तीतला एक तरुण. आई-बाप शेतमजूर, हा स्पर्धा परीक्षा देऊन नोकरीला लागला. मे महिन्यात बायको-पोरांना घेऊन गोव्याला जाऊन आला. चार रात्री, पाच दिवस, 'ऑल इन्क्लुझिव्ह'. म्हणजे राहणं, तिन्ही वेळचं खाणं, पिणं, पोहण्याचा तलाव, ने-आण, सगळं एकाच रकमेत. एकदा पैसे भरले की खिशात हात घालायचं काम नाही. समुद्रात पाय सोडून बसल्याचा फोटो त्यानं वस्तीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला आणि दोन दिवस ग्रुप पेटला. "बाबासाहेबांनी याच्यासाठी रक्त आटवलं काय?" "वाचनालयाची वर्गणी द्यायले पैसे नाही, अन् समुद्रावर लोळायले आहेत." एका ज्येष्ठ कार्यकर्त्यानं तर 'हा ब्राह्मणी झाला' असा निकालच देऊन टाकला. पोरानं फोटो काढून टाकला.

फोटो काढायला लावणाऱ्यांशी आमचं भांडण आहे.

वर्गणी त्यानं द्यायलाच पाहिजे. तो हिशोब वेगळा आणि तो आम्ही त्याच्याकडून वसूल करू. पण प्रत्येक वेळी १९५६ च्या आग्र्याच्या भाषणाचा दाखला फेकून मारणाऱ्यांनी ते भाषण नीट समजून घ्यावं. शिकलेल्यांनी समाजाकडे पाठ फिरवली ही बाबासाहेबांची खंत होती. शिकलेल्यानं विसावा घेऊ नये, असं त्यांनी कुठं म्हटलं? उलट विसाव्याला कायद्याचं बळ देणारा माणूस तोच. १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर मंत्री होते. कारखान्यातला कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आणण्याचं विधेयक त्यांचं. त्याच्याही आधी, १९४५ च्या कारखाने दुरुस्ती कायद्यानं, वर्षभर सलग काम केलेल्या कामगाराला १० दिवसांची पगारी सुट्टी मिळाली, ते विधेयकही त्यांनीच मांडलं. आठ तासांच्या कामाचा बॅनर आपण १४ एप्रिलला दरवर्षी लावतो. पगारी सुट्टीचा बॅनर कोणी पाहिलाय?

ते स्वतःही सहलीला निघाले होते. १९३४ साली चळवळीतल्या तीसेक सहकाऱ्यांसोबत वेरूळची लेणी पाहायला. वाटेत दौलताबादला किल्ल्याबाहेरच्या हौदावर या मंडळींनी हात-पाय धुतले, आणि पाणी बाटवलं म्हणून जमाव अंगावर धावून आला. शेवटी किल्ल्यात सोडलं, पण सोबत हत्यारबंद शिपाई देऊन. कशासाठी? हे लोक आत कुठं पाण्याला हात तर लावत नाहीत ना, ते पाहायला. महाडच्या चवदार तळ्यानंतरची ही सात वर्षं. आपल्या माणसानं पाण्यात पाय सोडून बसणं ही आपल्या इतिहासात किरकोळ गोष्ट नाही. त्या फोटोकडे आम्ही असं पाहतो. (पॅकेजमध्ये दारूही 'इन्क्लुझिव्ह' असते आणि पाचवं शील त्यात बसत नाही, एवढं मात्र त्याला खासगीत सांगितलं. तो म्हणाला, दादा, पाच दिवस नारळपाणीच पेलो.)

आता दुसऱ्या बाजूकडे वळतो, कारण ग्रुपवरची भाषा आपल्या लोकांनी तिथूनच उचलली आहे.

वऱ्हाडातल्या आपल्या म्हाताऱ्यांनी समुद्र कधी पाहिला? गोव्यात नाही, दादरला. ७ डिसेंबर १९५६ ला बाबासाहेबांवर तिथं अंत्यसंस्कार झाले, १९७१ मध्ये चैत्यभूमीचा स्तूप उभा राहिला, आणि दर डिसेंबरला मूर्तिजापूरच्या फलाटावर पांढऱ्या लुगड्यांची, पांढऱ्या सदऱ्यांची गर्दी होऊ लागली. सुमारे ६०० किलोमीटर, बहुतेकांचा प्रवास उभ्यानं. आमच्यासोबत पहिल्यांदा आलेली एक आजी रांगेतून अभिवादन करून मागच्या वाळूवर आली, बराच वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "एवढं पानी! कोनाचं हाये हे?" कोणाचंच नाही आजी, असं सांगितलं तर तिला पटेना. तिच्या गावात विहिरीला मालक होता, नाल्याला मालक होता. त्या आजीनं जन्मभर कापूस वेचला. तो कापूस शकुंतलेच्या अरुंद रुळांवरून मूर्तिजापूरला आला, इथून मुंबईला आणि गोऱ्याच्या राज्यात पार मँचेस्टरला गेला. तिच्या आई-आजीनं वेचलेल्या कापसानं समुद्र ओलांडला. वेचणाऱ्या घरातली पहिली बाई समुद्राशी पोचायला डिसेंबरची गाडी लागली.

आणि त्या गाडीबद्दल काय ऐकायला मिळतं? फुकटे आले. आरक्षित डब्यात घुसले. शिवाजी पार्क घाण केलं. दर ६ डिसेंबरला हाच सूर. गर्दीत काहींकडे तिकीट नसतं, हे आम्ही नाकारत नाही. पण फुकटेपणाचा हिशोब मांडायचाच तर सगळ्यांचा मांडू. सरकारी नोकराला रजा प्रवास सवलत मिळते. केंद्राचा कर्मचारी त्या सवलतीत कुटुंबासह विमानानं अंदमानच्या समुद्रकिनाऱ्यावर जाऊन येतो. भाडं सरकारी तिजोरीतून, रजा भरपगारी. त्याला कोणी फुकटा म्हटलेलं आम्ही ऐकलं नाही, आणि म्हणूही नये, तो त्याचा हक्क आहे. मग शेतमजूर बाई चार दिवसांची मजुरी बुडवून, पदरचं भाकर-पिठलं बांधून दादरला जाते, तेव्हाच हा शब्द कसा सुचतो? शिवाजी पार्कवर मंडप, पाण्याचे टँकर, दवाखाना महापालिका उभारते. जेवण संघटना देतात, कामगार देतात. आणि त्या मैदानातून माणसं परत काय नेतात? पुस्तकं. कोणत्या 'ऑल इन्क्लुझिव्ह' रिसॉर्टमधून माणूस पुस्तकांचं गाठोडं घेऊन घरी येतो, ते आम्हाला दाखवा. या साऱ्या व्यवस्थेला फुकट म्हणतात. तेच पन्नास हजारांत विकलं की पॅकेज.

हा तिरस्कार फक्त आपल्याच वाट्याला आला असंही नाही. फ्रान्समध्ये १९३६ च्या संपांनंतर कामगारांना दोन आठवड्यांची पगारी सुट्टी मिळाली. त्या उन्हाळ्यात हजारो कामगारांनी जन्मात पहिल्यांदा समुद्र पाहिला. तिथल्या पांढरपेशांनी त्यांना नाव ठेवलं, 'टोपीवाले गलिच्छ'. तिकडे टोपी दिसली, इकडे निळा झेंडा दिसतो. फरक एवढाच की फ्रान्सचा कामगार पगार घेऊन समुद्रावर गेला होता. आपली आजी मजुरी बुडवून जाते.

खरा प्रश्न इथं आहे, आणि यावर आपला ग्रुप कधी पेटत नाही. १९४५ चा तो पगारी सुट्टीचा कायदा बारमाही कारखान्यांसाठी होता. हंगामी कारखाने त्यातून वगळलेले. हंगामी म्हणजे कोणते? १९३४ च्या कारखाने कायद्याच्या व्याख्येत पहिल्याच ओळीत कापसाचं जिनिंग आणि प्रेसिंग येतं. म्हणजे बाबासाहेबांनी आणलेली सुट्टी मुंबईच्या गिरणी कामगाराला मिळाली. त्याच गिरणीसाठी रुई काढणाऱ्या मूर्तिजापूर-अकोल्याच्या मजुराच्या दारावरून ती पुढं गेली. १९४८ च्या कायद्यात २० दिवसांच्या कामामागे एक दिवस सुट्टी आली, पण पुढं त्याला वर्षात २४० दिवस भरण्याची अट लागली. कपाशीचा हंगाम दिवाळीला सुरू होतो आणि ऊन तापेपर्यंत आटोपतो. कुठून भरणार २४०? नव्या संहितेत ही अट १८० वर आली आहे, पण हजेरीपट ठेकेदाराच्या हातात असताना १८० काय आणि २४० काय. शेतमजुराला तर कारखान्याचा कायदा लागूच नाही. झाडू मारणारा, नाली काढणारा कंत्राटी माणूस आठवड्याची सुट्टी मागतो तर त्याला ऐकवलं जातं, उद्या येऊ नको.

त्या गोव्याच्या मित्रालाही आम्ही एक प्रश्न विचारला. तुझ्या घरी भांडी घासायला येणारी बाई आपल्याच वस्तीतली. तुम्ही पाच दिवस नव्हते, त्या पाच दिवसांचे तिचे पैसे दिले की कापले? त्यानं कापले होते. तोंडावर सांगितलं, लपवलं नाही, हे त्याचं चांगलं. पण त्याच्या पाच दिवसांत सगळं 'इन्क्लुझिव्ह' होतं, एवढी एक बाई सोडून. आणि ग्रुपवर त्याला बाबासाहेब शिकवणाऱ्या तीन जणांना आम्ही हेच विचारलं, तर तिघांच्याही घरी खाडे धरण्याचीच रीत निघाली.

तेव्हा मित्रांनो, गोव्याला जा, थायलंडला जा, फोटो टाका, कोणाच्या बापाची भीती नाही. वर्गणी भरा. घरच्या बाईचे खाडे धरणं आजपासून बंद करा, त्यासाठी कोणता मोर्चा लागत नाही. आणि डिसेंबरच्या आत एक काम करायचं आहे. मूर्तिजापूर तालुक्यात जिनिंगमध्ये, नगर परिषदेच्या ठेक्यावर, दुकानांत, धाब्यांवर काम करणारे आपले किती लोक ५ ते ७ डिसेंबरला मजुरी बुडवून दादरला जातात, याची गावनिहाय यादी करतो आहोत. नाव, कामाचं ठिकाण, ठेकेदार, बुडालेले दिवस, बुडालेली रक्कम. ही यादी घेऊन आपण कामगार कार्यालयात आणि प्रत्येक ठेकेदाराच्या दारात जाणार आहोत, तीन दिवसांची भरपगारी रजा मागायला. एकट्यानं मागितली तर काम जातं, म्हणून सगळ्यांची एकदम मागू. ज्याच्याकडे हजेरीच्या चिठ्ठ्या असतील त्यानं जपून ठेवाव्यात, फोटो काढून ठेवावेत. ज्याला लिहिता येत नाही त्याच्या घरी आम्ही येऊ.

जय भीम!