भोजनाच्या नोंदीवरून दारिद्र्याची मोजदाद

अमेरिकेतील शाळांत विनामूल्य किंवा सवलतीच्या दराने दुपारचे भोजन मिळण्यास पात्र ठरणाऱ्या मुलांची टक्केवारी म्हणजेच त्या शाळेतील दारिद्र्याचे प्रमाण, असे गृहीत धरून तेथील संशोधक व शिक्षणखात्याचे अंमलदार कित्येक दशके निष्कर्ष काढीत आले आहेत. आणि २०१० च्या कायद्याने गरीब वस्त्यांतील शाळांना सरसकट सर्व मुलांस जेवू घालण्याची मुभा दिल्यापासून हे माप बिघडले, अशी तक्रार त्यांच्यातील काहीजण करीत आहेत. ही तक्रार आम्हांस मान्य नाही. कारण ते माप पूर्वीही भरवशाचे नव्हते.

१९४६ साली अध्यक्ष ट्रुमन यांच्या स्वाक्षरीने झालेला कायदा मुलांच्या पोटासाठी व शेतमालाच्या खपासाठी होता, खानेसुमारीसाठी नव्हे. दारिद्र्यरेषेच्या १३० टक्क्यांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातील मुलास जेवण मोफत, १८५ टक्क्यांपर्यंत सवलतीने; म्हणजे अन्नान्नदशा भोगणारे घर आणि ओढगस्तीने का होईना घरभाडे वेळेवर चुकविणारे घर, दोन्ही एकाच रकान्यात. शिवाय चारचौघांत गरीब म्हणून ओळखले जाण्याच्या लाजेने मोठ्या वर्गांतील मुले या जेवणापासून दूर राहत, त्यामुळे माध्यमिक शाळा कागदावर वास्तवाहून सधन दिसत. मिशेलमोर व डायनार्स्की या संशोधकांनी मिशिगन राज्यातील या पात्रतेच्या नोंदी तपासल्या, तेव्हा आठवीतील सुमारे निम्मी मुले त्या वर्षी पात्र आढळली, परंतु बालवर्गापासून प्रत्येक वर्षी पात्र राहिलेली मुले अवघी १४ टक्के होती, आणि अभ्यासात सर्वांत मागे पडलेली ती हीच. दारिद्र्याची ही दीर्घता एका वर्षाच्या शेऱ्यात उमटावी कशी?

सरकारी अन्नसाहाय्य घेणाऱ्या कुटुंबांची दप्तरे शाळांच्या पटाशी ताडून पाहण्याची पद्धत तेथे आजही चालू आहे. तीच वर्षानुवर्षांच्या नोंदींसह वापरावी, असे आमचे प्रतिपादन आहे. भीतीपोटी सरकारी साहाय्य न घेणारी स्थलांतरितांची मुले या गणनेतून निसटतात हा आक्षेप खरा आहे, आणि त्यासाठी निराळी चौकशी करावीच लागेल. पण भोजनाच्या सवलतीसाठीचा उत्पन्नाचा अर्ज भरण्यासही ती घरे धजावत नसत. निधीचे काय, असे कोणी विचारील. १९६५ च्या कायद्यान्वये गरीब मुलांसाठीचा केंद्रीय पैसा शालेय जिल्ह्यांना मुख्यतः जनगणना खात्याच्या अंदाजांवरूनच वाटला जातो. भोजनाचा आकडा लागतो तो जिल्ह्यांतर्गत शाळाशाळांची वाटणी करताना, आणि तेथेही कायद्याने दुसरी मापे वापरण्याची मोकळीक दिलेली आहे.