बाराच फोटो

वर्ष सरलं की आमच्याकडे फोनमधले बाराच फोटो निवडून कागदावर काढायचे, असा शिरस्ता आहे. यंदा पहिली कात्री कुंटाला धबधब्याला लागली. कडम नदीची सुमारे ४५ मीटरची ती उडी ऑगस्टमध्ये सगळ्यांच्याच फोनमध्ये सारखी दिसते. त्याऐवजी फेब्रुवारीतला, बांधावर पेटलेला पळस घेतला. दिवाळीच्या दंडारीतला घुसाडी हललाय. पण मोरपिसांच्या टोपाची ती गिरकी स्थिर फोटोत आलीच नसती. तो राहिला.

मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ १९४० च्या दशकात आपल्याच भागातल्या मारलवाईत राहिले होते. त्यांनी टिपलेल्या गोंडांच्या फोटोंत मी डोंगरांपेक्षा माणसं आणि घरंच जास्त वेळ पाहतो.

म्हणून पोळ्याचा फोटो सगळ्यात वर. उजेड वाईट, कोपऱ्यात कुणाचा तरी अर्धा हात. पण काकांची बैलजोडी त्यात शेवटची सजली आहे. दिवाळीनंतर ती विकली. बैलांची नावं काकांना विचारून फोटोमागे लिहिली. तुम्हीही लिहा, फक्त बॉलपेन दाबू नका, पुढून वळ उठतो.