गाभ्यातून काढलेली वाट

नंदुरबारच्या बाजारात ओली लाल मिरची येऊ लागली की पेढीवर एकच हिशेब अनेक अंगांनी सुरू होतो. पथारीवर जागा किती, देठ खुडायला माणसे किती, गुदामात पोती किती मावतील, हातात रोकड किती. त्यात अवकाळी पावसाचे भय. यांतली प्रत्येक गोष्ट मर्यादित असते. अखंड सुकी मिरची किती विकावी आणि पूड किती करावी, म्हणजे नफा जास्तीत जास्त होईल? जुने व्यापारी हे अनुभवाने ठरवतात, आणि बहुधा बरोबर ठरवतात. परंतु जिथे अशा अटी दहा नसून दहा हजार असतात, तिथे अनुभवाची मात्रा चालत नाही. त्या प्रश्नांचे शास्त्र म्हणजे ऑपरेशन्स रिसर्च, आणि त्याचा कणा म्हणजे रेषीय नियोजन. या शास्त्राच्या इतिहासात एक मराठी नाव ठळकपणे नोंदले गेले आहे: प्राध्यापक नरेंद्र करमरकर.

करमरकरांचा जन्म ग्वाल्हेरचा. मुंबईच्या आयआयटीतून ते १९७८ मध्ये विद्युत अभियांत्रिकीचे पदवीधर झाले. पुढे कॅलिफोर्नियातील कॅलटेकमध्ये एम.एस. आणि बर्कली येथे रिचर्ड कार्प यांच्या मार्गदर्शनाखाली १९८३ मध्ये डॉक्टरेट. त्याच वर्षी ते एटी अँड टीच्या बेल प्रयोगशाळेत रुजू झाले आणि पुढच्याच वर्षी, वयाची तिशी गाठण्यापूर्वीच, त्यांनी ज्या पद्धतीमुळे जगभर नाव झाले ती मांडली.

ती समजण्यास सुरतेच्या बाजारातला पैलू पाडलेला हिरा डोळ्यांसमोर आणावा. सर्व अटी पाळणारी जी जी उत्तरे संभवतात, त्यांचा आकार असा अनेक पैलूंचा असतो, आणि सर्वोत्तम उत्तर त्याच्या कोणत्या तरी टोकावर सापडते. जॉर्ज डँट्झिग यांची १९४७ ची सिम्प्लेक्स पद्धत एका टोकावरून शेजारच्या अधिक लाभाच्या टोकावर, अशी कडेकडेने चालत जाते. व्यवहारात ती उत्तम चालली. मात्र १९७२ मध्ये क्ली आणि मिंटी यांनी असे नमुने रचून दाखवले, की त्यांत तिला एकूण एक टोक फिरावे लागते. सोव्हिएत गणिती खाचियान यांनी १९७९ मध्ये वेळेची हमी देणारी पद्धत दिली. पण प्रत्यक्ष गणिते सोडवताना ती फार मंद ठरली.

करमरकरांनी कड सोडली. ते हिऱ्याच्या आतून निघाले. प्रत्येक पावलाला आकृतीचे असे रूपांतर करायचे की आपण पुन्हा मध्यभागी येऊ, आणि तिथून लाभाच्या दिशेने पुढचे पाऊल टाकायचे. हमीही मिळाली आणि वेगही. (आतल्या वाटेचा विचार सोव्हिएत रशियात डिकिन यांनी १९६७ मध्ये मांडला होता, हेही सांगितले पाहिजे, पण त्याकडे पश्चिमेचे लक्ष गेले नव्हते.) नोव्हेंबर १९८४ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने ही बातमी पहिल्या पानावर छापली. गणितातल्या शोधाच्या वाट्याला असे पान क्वचितच येते.

पुढचा भाग व्यापारी वाचकाने विशेष लक्ष देऊन वाचावा असा आहे. मूळ पद्धत प्रसिद्ध झाली होती. परंतु ती यंत्रावर वेगाने चालवण्याचे बारकावे कंपनीने स्वतःकडे ठेवले. इतर संशोधकांना वेगाचे दावे पडताळता येईनात आणि कुरबुर वाढली. १९८८ मध्ये कंपनीला पेटंट मिळाले. गणिताच्या रीतीवर कोणाची मालकी असू शकते का, हा वाद तेव्हापासून पेटला. कॉर्बेक्स नावाची यंत्रणा बाजारात आली. किंमत सुमारे ८९ लाख डॉलर! गिऱ्हाईक फारच थोडे मिळाले. दरम्यान इतरांनी आतल्या वाटेच्या नव्या पद्धती शोधल्या, सिम्प्लेक्सवाल्यांनीही स्पर्धेपायी आपली यंत्रणा कितीतरी वेगवान केली. कुलुपाचा खर्च मोठा आणि आतल्या मालाची आवक बेताची, असाच तो व्यवहार झाला.

इथे महावीराचार्यांची आठवण होणे स्वाभाविक आहे. नवव्या शतकात, राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्षाच्या काळात, या जैन आचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ रचला. व्याज, सोन्याची भेसळ, मिश्र व्यवहार अशी बाजारातलीच उदाहरणे त्यात आहेत, आणि ती कोणीही शिकावीत अशी उघडी आहेत.

करमरकरांना १९८४ चे लँचेस्टर पारितोषिक, १९८८ चे फुलकर्सन पारितोषिक आणि २००० चे कानेलाकिस पारितोषिक लाभले. १९९८ मध्ये, म्हणजे धुळ्यापासून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला त्याच वर्षी, ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होमी भाभा अध्यासनाचे प्राध्यापक म्हणून आले आणि २००५ पर्यंत तेथे होते. पुढे काही काळ त्यांनी टाटा समूहाच्या अध्यक्षांचे वैज्ञानिक सल्लागार म्हणून महासंगणकाच्या कामात लक्ष घातले.

पेटंटची मुदत २००६ मध्ये संपली. आता आतल्या वाटेने गणित सोडवणाऱ्या आज्ञावली फुकट मिळतात आणि साध्या लॅपटॉपवर चालतात. पथारी, मजूर, गुदाम आणि रोकड यांचे चार आकडे त्यांत भरले, तर उत्तर डोळ्याचे पाते लवण्यापूर्वी येते. पाऊस कधी पडेल, तो आकडा मात्र अजूनही पेढीवरच्या जाणत्यालाच भरावा लागतो.