पैसे वसूल, पण तब्येत?

दिवाळीची सुट्टी संपली की आमच्या दवाखान्यात एक ठरावीक गर्दी होते. कोणाला ताप, कोणाचे पाय सुजलेले, कोणाला लघवीची जळजळ. चौकशी केली की कळते, सहकुटुंब सहल करून आले आहेत. विसाव्यासाठी गेलेली माणसे आजार घेऊन परततात!

मध्यंतरी असेच एक कुटुंब आले. वरठीहून विदर्भ एक्स्प्रेसने निघाले, रात्रभर धड झोप नाही, सकाळी मुंबईकडे उतरले आणि थेट मनोरंजन पार्कात शिरले. बरोबर सत्तरीच्या आजी. मधुमेहाची गोळी त्यांनी सकाळीच घेतली होती. पाळण्यांच्या रांगा संपेनात, जेवण तीन वाजेपर्यंत लांबले. आजींना दरदरून घाम सुटला, हातपाय थरथरू लागले आणि त्या मटकन खाली बसल्या. शेजारच्या बाईंनी साखर चारली म्हणून निभावले. मी रागावलो, तर मुलगा म्हणाला, "डॉक्टरसाहेब, माणशी एवढे पैसे भरले, वसूल नको करायला?"

वाचकहो, माझे भांडण या वसुलीशी आहे. १९८९ साली गोराईला सुरू झालेले एस्सेलवर्ल्ड आता बंद आहे, पण २०१३ साली खोपोलीजवळ इमॅजिका सुरू झाले. २०२५ साली समृद्धी महामार्ग पूर्ण झाल्यापासून तिकडे मोटारीनेही लवकर पोहोचता येते. जरूर जावे, मुलांना आनंद द्यावा. पण तिकीट दिवसभराचे असले तरी शरीराची ताकद दिवसभराची नसते. उन्हात चालणे, तासन्‌तास रांगेत उभे राहणे आणि गरगर फिरणे हे कष्टच आहेत.

म्हणून प्रवासानंतरची पहिली रात्र झोपेसाठी ठेवा, पार्क दुसऱ्या दिवशी. सकाळच्या थंड वेळेत आवडीचे खेळ उरका. भर दुपारी सावलीत बसा, वेळेवर जेवा, तासभर पाय पसरा. पोटभर जेवून लगेच गरगरणाऱ्या पाळण्यात बसू नका, उलटी ठरलेली. तहान लागण्याची वाट न पाहता घोटघोट पाणी प्या. लघवीला जावे लागेल म्हणून आपल्या बायका दिवसभर पाणी टाळतात. जळजळीचे एक मोठे कारण तेच. जलसंजीवनीची पाकिटे पिशवीत असू द्या. मधुमेह्यांनी खिशात साखर ठेवावी आणि घड्याळाप्रमाणे खावे. रक्तदाबाची गोळी प्रवासातही चुकवू नये. हृदयविकार, मणक्याचे दुखणे असणाऱ्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी वेगवान खेळांपासून दूर राहावे. संध्याकाळी मूल किरकिर करू लागले तर तो हट्ट समजून धपाटा घालू नका. ते दमलेले असते.

दोन खेळ राहिले तर राहू द्या. कोणी हिशेब मागायला येत नाही.

आपला जिल्हा धानाचा. रोवणीच्या ऐन घाईतही बाया दुपारी बांधावर येऊन शिदोरी सोडतात, बैलांचे जू उतरवले जाते. तेवढ्याने रोवणी बुडाली असे कोणी म्हणत नाही. बैलाला देतो तेवढा विसावा सहलीच्या दिवशी घरच्या म्हाताऱ्या माणसाला आणि लेकराला द्यायला काय हरकत आहे?