माहिती हीसुद्धा अमानत आहे

आपला व्यापारी गल्ल्याला कुलूप लावल्याशिवाय दुकान बंद करीत नाही. खातेवही परक्याच्या हाती पडू देत नाही. पण तोच माणूस कार्डाचा नंबर, जन्मतारीख, आधारची आणि पासपोर्टची नक्कल दहा ठिकाणी देऊन मोकळा होतो. पुढे त्या ठिकाणांची नावेही त्याला आठवत नाहीत. आमच्या मते आजच्या तिजारतीतला हा सर्वांत महागडा निष्काळजीपणा आहे.

उदाहरण आपल्या जवळचेच घेऊ. मे २०२१ मध्ये एअर इंडियाने जाहीर केले की, सुमारे ४५ लाख प्रवाशांची माहिती चोरीस गेली आहे. चोरी विमान कंपनीच्या कचेरीत झाली नव्हती, तर प्रवाशांची नोंद सांभाळणाऱ्या सिटा या कंपनीच्या संगणकांत झाली होती. ऑगस्ट २०११ ते फेब्रुवारी २०२१ या काळातली नावे, जन्मतारखा, फोन, पासपोर्ट, तिकिटे आणि क्रेडिट कार्डांचा तपशील त्यात होता. कार्डामागचा सीव्हीव्ही आकडा तिथे ठेवलेला नव्हता, एवढाच दिलासा. त्या दहा वर्षांत उमऱ्यासाठी जेद्दाहला आणि धंद्यासाठी दुबईला आपल्यातले किती लोक गेले, याचा विचार करावा.

काही बांधव म्हणतात, कार्ड बदलून घेतले की झाले. ही समजूत अपुरी आहे. कार्ड बदलते, पण जन्मतारीख बदलत नाही. चोराला खरा फायदा अर्ध्या सत्याचा होतो. आमच्या बाजारातल्या एका भल्या माणसाला फोन आला. समोरच्याने नाव, प्रवासाची तारीख, तिकिटाचा तपशील सारे बरोबर सांगितले आणि परतावा जमा करतो म्हणून ओटीपी मागितला. इतके ठाऊक आहे म्हणजे माणूस कंपनीचाच असणार, असे समजून त्याने तो दिला. कारागिरांच्या आठवड्याच्या मजुरीची रक्कम गेली. बाजारात पत जाईल म्हणून तो आठ दिवस गप्प बसला.

हे गप्प बसणेच आपल्याला बुडवते. रिझर्व बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात ठरवून दिले की, चूक बँकेची नाही आणि ग्राहकाचीही नाही, अशा प्रकरणात बँकेची सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजी दिवसांत तक्रार केली तर ग्राहकावर काहीही बोजा नाही. चार ते सात दिवस लावले तर ठरावीक मर्यादेपर्यंत नुकसान ग्राहकाचे. बचत खात्याला आणि लघुउद्योगाच्या चालू खात्याला ही मर्यादा १०,००० रुपये, मोठ्या चालू खात्याला २५,०००. त्यानंतर सारे बँकेच्या धोरणावर. सहकारी बँकांसाठीही त्याच वर्षी डिसेंबरात असेच परिपत्रक निघाले. पण ओटीपी आपणच दिला असेल तर तक्रार नोंदवेपर्यंतचे नुकसान आपले. म्हणून त्या भल्या माणसाचे आठ दिवस त्याला फार महाग पडले. आपल्या शाखेत जाऊन आजचा नियम प्रत्येकाने विचारून घ्यावा.

तेव्हा एखाद्या कंपनीकडून माहिती फुटल्याची बातमी आली की त्याच दिवशी कामाला लागावे. तिथे दिलेले कार्ड बंद करून नवे मागवावे. तिथला पासवर्ड बदलावा आणि तोच पासवर्ड ईमेलला किंवा बँकेला लावला असेल तर तिथला आधी बदलावा. बँकेच्या ॲपमध्ये कार्डाचा परदेशातील वापर बंद करण्याची सोय असते. उमऱ्याहून परतल्यावर ती खिडकी उघडीच राहते आणि परदेशी संकेतस्थळांवर ओटीपी न विचारता पैसे कापले गेल्याचे प्रकार घडले आहेत. ऑनलाइन खरेदीसाठी थोडीच रक्कम असलेले वेगळे खाते ठेवावे. मजुरीचे आणि सुताच्या उधारीचे पैसे त्या खात्यात आणू नयेत. कंपनीच्या नावाने फोन आला तर तो ठेवून द्यावा आणि कार्डावर छापलेल्या नंबरावर आपण स्वतः फोन करावा. पैसे गेलेच तर बँकेला आणि १९३० या क्रमांकावर ताबडतोब कळवावे. यात शरम कसली? चोरी झालेल्याने नव्हे, चोराने तोंड लपवावे.

आता आपल्या दुकानाकडे पाहू. कंपन्यांना दोष देणे सोपे आहे, पण आपल्या गुमास्त्याच्या मोबाइलमध्ये किती गिऱ्हाइकांच्या आधारचे फोटो पडले आहेत? कारागिरांच्या बँक पासबुकांच्या नकला कोणत्या खणात आहेत? किती जणांच्या कार्डाचा फोटो व्हॉट्सॲपवर आला आणि तसाच राहिला? १ ऑक्टोबर २०२२ पासून देशातील ऑनलाइन दुकानांना ग्राहकाचे कार्ड नंबर साठवून ठेवण्याची मनाई झाली. मग आपण कशासाठी साठवतो? काम झाले की पुसून टाकावे, कागद असेल तर फाडून टाकावा, आणि मुळात गरज नसेल ते मागूच नये.

प्रेषित मुहम्मद (स.) यांना मक्केचे लोक नुबुव्वतीच्या आधीपासून ‘अल-अमीन’ म्हणत. हिजरतीच्या रात्री जिवावर उठलेल्या शहरातील लोकांच्या अमानतीही त्यांनी हजरत अली (रजि.) यांच्या हवाली केल्या, त्या ज्याच्या त्याला परत करण्यासाठी. त्या अमानती सोन्याचांदीच्या असतील. आज गिऱ्हाईक आपल्या हाती आपले नाव, नंबर आणि विश्वास ठेवून जाते. तो विश्वास गेला तर बरकत कुठून येणार?