नियमांचे राज्य

जबलपूरजवळ बरगी येथे नर्मदेवर बांधलेल्या धरणाचे काम 1974 साली सुरू झाले. त्याच्या जलाशयामुळे मंडला, सिवनी व जबलपूर या जिल्ह्यांतील 162 गावे बाधित झाली, असे मानले जाते. समजा, या गावांची यादी छापावयाची आहे. जिल्ह्याचे नाव अधोरेखित व गावाचे नाव ठळक केले, की वाचकाला अर्थ कळतो. यंत्राला मात्र केवळ ठळक अक्षर दिसते. ते गाव आहे की शीर्षक, हे त्याला उमगत नाही.

यासाठी प्रत्येक घटकावर तो काय आहे याची खूण करावी लागते. 1998 साली प्रसिद्ध झालेल्या एक्सएमएल या पद्धतीने ती सोय केली. आणि अशा मजकुराचे रूपांतर करणारी एक्सएसएलटी ही भाषा 1999 साली आली. या भाषेत पायरीपायरीने हुकूम देण्याऐवजी मुख्यतः नियम लिहितात. नियमाची अंगे दोन: तो कोणत्या घटकाला लागू आहे, हे सांगणारा नमुना, आणि त्या घटकाच्या जागी काय मांडावे, हे सांगणारा साचा. यंत्र मजकुराच्या मुळापासून निघते, समोरच्या घटकाला जुळणारा नियम शोधते आणि त्या नियमाच्या आज्ञेने आतील घटकांकडे वळते. नियमच न सापडल्यास ते घटकाच्या आत शिरते व तेथील अक्षरे जशीच्या तशी उतरविते.

‘गाव’ या घटकासाठी एक नियम आणि ‘संपूर्ण बुडालेले गाव’ यासाठी दुसरा असेल, तर सामान्यतः विशेष नियम प्रभावी ठरतो. व्याकरणाच्या अभ्यासकाला यात नवल वाटणार नाही. सुमारे 4000 सूत्रांच्या पाणिनीय व्याकरणात उत्सर्गाला अपवाद बाधतो, तोच हा न्याय होय. तुल्यबळ नियमांत शेवटी लिहिलेला नियम घेतला जातो, अथवा यंत्र चूक दाखविते.

या पद्धतीवर आक्षेप असा, की कामाचा क्रम एका दृष्टिक्षेपात दिसत नाही व नवशिका गोंधळतो. आक्षेप खरा आहे. ठरावीक रकान्यांच्या लहान तक्त्याला पायऱ्यांची रीत पुरते. परंतु ग्रंथात परिच्छेद, टीप व अवतरण कोठे येईल, हे आधी सांगता येत नाही. तेथे नियमच उपयोगी पडतात.

मराठीने याची किंमत मोजली आहे. युनिकोडपूर्व विशिष्ट टंकांत जुळविलेला पुष्कळ मजकूर तो टंक नसलेल्या संगणकावर निरर्थक चिन्हांचा ढीग होतो. कारण तेथे अक्षराची ओळख नव्हे, त्याचा आकार साठविला गेला. म्हणून शाळांनी संगणकावर लिहावयास शिकविताना ‘हे कसे दिसावे’ याआधी ‘हे काय आहे’ हा प्रश्न विचारावयास शिकवावे. बुडालेल्या गावाचे नाव गाव म्हणूनच नोंदलेले असेल, तर पन्नास वर्षांनीही त्या गावच्या माणसाला ते यादीत शोधून काढता येईल.