घोरणे थांबले म्हणजे आजार गेला?

संगीतकार बप्पी लाहिरी यांचे १५ फेब्रुवारी २०२२ रोजी रात्री जुहूच्या रुग्णालयात निधन झाले. डॉक्टरांनी कारण म्हणून ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप अ‍ॅप्नियाचे नाव घेतले आणि तोवर छातीच्या डॉक्टरांकडेच ऐकू येणारा हा शब्द अंधेरी-बोरिवलीपासून घाटकोपर-मुलुंडपर्यंत घरोघरी पोहोचला. लाहिरी यांच्यावर रीतसर उपचार चालू होते, त्यांना छातीचा संसर्गही वारंवार होत होता. तेव्हा प्रत्येक घोरणाऱ्याने धसका घ्यावा असे नाही. परंतु नाव कळले की उपायही स्वतःच शोधायचा, ही आपल्या सुशिक्षित मध्यमवर्गाची सवय मात्र चिंता करण्याजोगी आहे.

घोरणारा माणूस गाढ झोपला आहे, असा आपला समज. कुंभकर्ण म्हणून त्याची थट्टा होते आणि विषय संपतो. वास्तविक त्याची झोप रात्रभर तुटत असते. घशाचे स्नायू सैलावतात, श्वासमार्ग मिटतो, दहा सेकंद वा अधिक काळ श्वास थांबतो, रक्तातील प्राणवायू घटतो आणि मेंदू त्याला अर्धवट जागे करतो. तासाला पाचपासून विकार धरतात. तीसच्या वर तो तीव्र. रक्तदाब, हृदयविकार आणि दिवसा येणारी अनावर पेंग यांचे मूळ अनेकदा येथे असते. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उदवाडिया व सहकाऱ्यांनी २००४ साली नेहमीच्या आरोग्यतपासणीसाठी आलेल्या ३५ ते ६५ वयाच्या पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात ७.५ टक्क्यांना हा विकार असल्याचे अनुमान निघाले. सायंकाळच्या लोकलमध्ये उभ्याउभ्या डुलक्या घेणारा प्रत्येक जण केवळ दमलेलाच असतो, असे नव्हे.

येथेच स्वयंउपचाराची मूळ अडचण आहे. ताप आला तर रुग्णाला कळतो, गुडघा दुखला तर कळतो. हा आजार मात्र रुग्ण झोपलेला असताना घडतो; स्वतःच्या आजाराचा तो साक्षीदारच नसतो. साक्षीदार असते ती शेजारी जागी असलेली पत्नी. तिलाही आवाज तेवढा ऐकू येतो, रक्तातला प्राणवायू दिसत नाही. नाकाच्या पट्ट्या, तोंडाला चिकटपट्टी, खास उशी यांनी आवाज कमी झाला की घरात समाधान पसरते. पण आवाज बंद होणे म्हणजे श्वास सुरळीत होणे, हे कोणी ठरवले? श्वास पूर्ण अडकतो तेव्हाही शांतताच असते.

काही उपाय तर सरळ घातक. झोप नीट लागत नाही म्हणून झोपेची गोळी घेतली की घसा अधिकच सैलावतो, मद्याचेही तेच. २०२१ च्या लाटेत विकत घेतलेले प्राणवायूचे यंत्र रात्री लावण्याचा मोह होतो. त्याने बोटावरच्या मापकातला आकडा सुधारतो, घसा मात्र मिटतच राहतो आणि काही रुग्णांत कार्बन डायऑक्साइड साचत जातो.

सिडनीच्या डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी १९८१ मध्ये मांडलेला सीपॅपचा उपाय, म्हणजे मुखवट्यातून दाबाने हवा देऊन घसा उघडा ठेवणे, आजही सर्वांत खात्रीचा. आताची यंत्रे दाब आपोआप जुळवतात. मग डॉक्टर कशाला? कारण सर्वच श्वासरोध घशात होत नाहीत. दुर्बल हृदयाच्या काही रुग्णांत मेंदूकडूनच श्वासाचा आदेश येत नाही. अशा रुग्णांना अधिक ‘हुशार’ यंत्र दिल्यावर हृदयविकाराने होणारे मृत्यू वाढल्याचे २०१५ च्या एका आंतरराष्ट्रीय चाचणीत आढळले. कोणता प्रकार आपला, हे दुकानदार सांगू शकत नाही. फिलिप्सने जून २०२१ मध्ये आतील फोम झिजून त्याचे कण श्वासात जाण्याच्या धोक्यामुळे लाखो यंत्रे परत मागवण्यास प्रारंभ केला. जुने यंत्र परस्पर घेणाऱ्याला असा निरोप कोण देणार?

अर्थात डॉक्टरांच्या पदरातही दोष आहेत. पाच मिनिटांत यंत्र लिहून द्यायचे, पुढे मुखवटा रुततो की हवा गळते याची चौकशी नाही. असे यंत्र लवकरच कपाटात जाते. त्यापेक्षा यंत्रातील नोंदी रोज वाचणारा रुग्ण शतपट बरा. खर्चाचा प्रश्नही खराच. राजावाडी, कूपर अशा उपनगरी पालिका रुग्णालयांत झोपेची तपासणी माफक दरात व्हावी, हा आग्रह नागरिकांनी धरला पाहिजे.

चरकाचार्यांनी आहाराबरोबर निद्रेलाही शरीराचा आधारस्तंभ मानले. वजन उतरवणे, कुशीवर झोपणे, रात्रीच्या बैठका वेळेत संपवणे (हे कार्यकर्त्यांसाठी!) यांसाठी कोणाच्या चिठ्ठीची गरज नाही. प्राणायामही जरूर करावा, पण तपासणी टाळण्यासाठी नव्हे. डॉक्टरांकडे जाताना चालू गोळ्यांची यादी आणि घोरण्याचे भ्रमणध्वनीवर केलेले मुद्रण न्यावे. पत्नीलाही सोबत न्यावे. निम्मे प्रश्न तिलाच विचारले जातात.